सायखेड्याचा घाट आणि उष्ण कुंडांची वाट

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांदोरी लागते. तेथून उजवीकडे वळून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा येते. निफाड तालुक्यातील ही बाजारपेठ नाशिकपासून सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर आहे. कांद्याचे लिलाव, द्राक्षांचा हंगाम, भुसार, किराणा आणि कापड यांवर गावाचे अर्थकारण चालते. व्यापारी कुटुंबांची दुकाने आणि घरे नदीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे येथील माणसाच्या आयुष्यात गोदावरी केवळ नकाशावर राहत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत ती थेट पेठेत आली आणि दुकानांतील माल हलवता हलवता व्यापाऱ्यांची दमछाक झाली.

समोरच्या चांदोरीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरे आहेत. खाली नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला आणि त्याचा फुगवटा वर चांदोरी-सायखेड्यापर्यंत पोचला. तेव्हापासून ही मंदिरे बहुतेक काळ पाण्याखाली असतात. एखाद्या उन्हाळ्यात बंधाऱ्यातील पाणी उतरले की शिल्पे उघडी पडतात आणि ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. या बंधाऱ्याच्या जलाशयालाच जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ होय.

गावातील साठी-सत्तरीच्या मंडळींना याच नदीत पोहायला शिकल्याचे आठवते. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, वडीलधाऱ्यांपैकी कोणी कमरेला दोर धरायचे आणि उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत मूल काठ सोडून दहा-वीस हात जाऊ लागायचे. त्या शिक्षणात हातपाय मारण्याइतकेच महत्त्व नदीच्या ओळखीला होते. कोठे वाळूचा उतार आहे, कोठे खडक संपून एकदम डोह लागतो, कोणत्या महिन्यात कोणत्या जागी उतरायचे नाही, हे प्रत्येक मुलाला सांगितले जाई. डोहाविषयी भीतीच्या कथाही असत. आसरांच्या त्या कथा श्रद्धेने ऐकल्या गेल्या असोत वा नसोत, त्यांनी मुलांना खोल पाण्यापासून लांब ठेवले.

आज घाटावर ते दृश्य दिसत नाही. वरच्या शहराचे सांडपाणी नदीत मिसळते. पाणवेलींचे हिरवे थर पात्र झाकून टाकतात आणि पुराच्या वेळी पुलाला येऊन अडकतात. पाणवेलीची लांब मुळे पोहणाऱ्याच्या पायांत गुंतली तर सुटका अवघड असते. नद्यांच्या पात्रातून वाळू उपसली जाते, तेथे पाण्याखाली अचानक खड्डे तयार होतात. वरच्या धरणांतून विसर्ग वाढवला की काही तासांत पाण्याची पातळी बदलते. घाटावरचे पोहणे बंद झाले यात आश्चर्य काहीच नाही. परंतु त्याबरोबर दोन गोष्टी घरातून गेल्या. एक म्हणजे पोहण्याचे कौशल्य आणि दुसरी म्हणजे पाण्याची ओळख. पाण्याची ओढ मात्र गेली नाही. सुट्टी लागली की मुले धबधबे, कुंडे आणि डोह यांची चित्रफीत मोबाइलवर पाहतात आणि तेथे जाण्याचा हट्ट धरतात. वडील दुकान सोडून गाडी काढतात आणि ज्या पाण्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही, अशा पाण्यात सारे कुटुंब उतरते.

यात काय गमावले जाऊ शकते, हे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात दिसले. भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. प्रवाहाच्या मधल्या खडकावर सारे एकमेकांना धरून उभे होते आणि काठावरचे लोक पाहत होते, तरी काही करता आले नाही. वर डोंगरात पाऊस कोसळला की खालच्या ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा कदाचित थेंबही पडत नसतो.

जैन कुटुंबासमोर याखेरीज आणखी एक प्रश्न असतो. नैसर्गिक पाण्यात उतरावे की नाही, आणि उतरायचे तर कसे? आपल्या परंपरेत स्नानाने कर्ममल धुतला जातो असे मानलेले नाही. पाणी हे स्वतःच अप्काय जीवांचे शरीर आहे आणि त्याच्या आश्रयाने असंख्य त्रस जीव राहतात. म्हणूनच घरोघरी पाणी गाळून वापरण्याचा नियम आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण व्रत येते. निष्कारण जमीन खणणे, निष्कारण अग्नी पेटवणे, तसेच निष्कारण पाणी उडवणे व ढवळणे हे प्रमादाचे आचरण होय, असे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. इरियावहिया सूत्रात पाणी आणि ओल्या मातीतील जीवांच्या विराधनेची क्षमा श्रावक रोज मागतो. ज्यांनी जलक्रीडेचा त्याग केला आहे, त्यांच्यासाठी हा विषय येथेच संपतो आणि त्यांचा त्याग वंदनीय आहे.

ज्यांचा तसा नियम नाही, त्यांच्यासाठी शास्त्राने एक शब्द दिला आहे: यतना. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात शिष्य विचारतो की कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, झोपावे, जेवावे, बोलावे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकच येते, यतनापूर्वक. हे उत्तर मुनींच्या आचारासाठी आहे, तरी श्रावकाने ते घाटावर, कुंडावर आणि ओढ्याकाठी आठवण्याजोगे आहे. पाय टाकण्यापूर्वी पाहणे, जेवढे आवश्यक तेवढेच करणे आणि वेळेवर थांबणे ही यतना पाण्यातील जीवांचे रक्षण करते, तशीच ती पाण्यात उतरणाऱ्या मुलाचेही रक्षण करते.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे चातुर्मास. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत साधु-साध्वी विहार करत नाहीत, कारण त्या काळात भूमीवर सर्वत्र जीवोत्पत्ती होते. जुन्या काळी श्रावकही या चार महिन्यांत व्यापाराखेरीज दूरचा प्रवास टाळत. आज पावसाळी सहल ही नवी रीत झाली आहे आणि धबधब्यांवरचे बहुतेक अपघात याच महिन्यांत घडतात. ओले खडक शेवाळलेले असतात, पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही आणि प्रवाहाचा नेम नसतो. चातुर्मासातील संयम पाळणारे कुटुंब या संकटापासून आपोआप दूर राहते. म्हणून नैसर्गिक कुंडांची यात्रा करायची असेल, तर कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस निवडावेत. थंडीत उष्ण पाण्याचे सुख अधिक, नद्यांचे पाणी निवळलेले आणि दिवस स्वच्छ असतात.

हा नियम परदेशातही दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी हा प्रांत उष्ण कटिबंधात येतो आणि तेथेही कोरडा व ओला असे वर्षाचे दोन भाग पडतात. माटारांका येथे ताडांच्या झाडीत उबदार झऱ्याचे स्वच्छ कुंड आहे आणि त्याचे पाणी वर्षभर सुमारे ३४ अंश सेल्सिअस असते. त्या प्रांतातील नैसर्गिक कुंडे पाहायला जगभरातून प्रवासी येतात. परंतु ओल्या ऋतूत पुरामुळे आणि पुराबरोबर येणाऱ्या मगरींमुळे अनेक कुंडे पोहण्यासाठी बंद केली जातात. ऋतू पालटल्यावर वनरक्षक पाहणी करतात आणि मगच ती पुन्हा उघडतात. फलक बंदीचा असेल तर तेथील माणूस पाण्यात पाय घालत नाही. आपल्याकडे बंदीच्या फलकाला टेकून छायाचित्र काढले जाते, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात उष्ण झऱ्यांना तोटा नाही. पालघर जिल्ह्यापासून रत्नागिरीतील राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशी त्यांची एक रांगच आहे. पालघरमधील सातिवली, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, रायगडमधील पालीजवळचे उन्हेरे व महाडजवळचे सव, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यांतील परिचित ठिकाणे. गावांच्या नावांतच ऊन पाणी दडलेले आहे. खानदेशात सोयरिक असलेल्या कुटुंबांना जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव जवळ पडते. तेथे गोमुखातून उष्ण पाणी अखंड पडते आणि शरभंग ऋषींची कथा त्या स्थानाशी जोडलेली आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर किनवट तालुक्यातील उनकेश्वरही प्रसिद्ध आहे.

हे पाणी उष्ण का असते? ज्वालामुखीमुळे, असे अनेकांना वाटते. सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला हे खरे, परंतु त्याला साडेसहा कोटी वर्षे होऊन गेली आणि त्या लाव्हाची उष्णता केव्हाच निवली. आजच्या उष्णतेचा हिशोब निराळा आहे. पावसाचे पाणी कातळातील खोल भेगांतून खाली झिरपते. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पृष्ठभागाचे पाणी २७ अंशांचे असेल आणि झऱ्याचे ५० अंशांचे, तर ते किमान पाऊण-एक किलोमीटर खाली जाऊन आलेले असले पाहिजे. वर येताना ते निवते आणि थंड पाण्यात मिसळते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही खोल गेलेले असते. खालच्या दाबाने दुसऱ्या भेगेतून ते वर येते. वाटेतील खडकांतील क्षार त्यात विरघळतात आणि काही ठिकाणी गंधकाचा वास येतो.

उष्ण झऱ्याचा उल्लेख आपल्या आगमांतही आहे आणि तो भगवान महावीरांच्या मुखातून आलेला आहे. राजगृही नगरीच्या वैभारगिरीच्या पायथ्याशी उष्ण पाण्याचे झरे आजही वाहतात. हीच वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रत स्वामींची जन्मभूमी आणि येथेच व नालंदेत मिळून भगवान महावीरांचे चौदा चातुर्मास झाले. भगवती सूत्राच्या दुसऱ्या शतकात गौतम स्वामी या झऱ्याविषयी विचारतात. अन्य मतांचे लोक सांगत की पर्वताखाली मोठा डोह आहे आणि त्यातून हे पाणी येते. भगवंतांनी ते म्हणणे नाकारले आणि सांगितले की तेथे महातपोपतीरप्रभव नावाचा झरा आहे, त्यात उष्ण योनीचे जीव व पुद्गल पाणीरूपाने येतात व जातात आणि त्यातून उष्ण पाणी सतत वाहत असते.

या प्रसंगातून श्रावकाला एक व्यवहारी बोध मिळतो. झऱ्याचे पाणी उष्ण आहे म्हणजे ते उकाळलेल्या पाण्यासारखे अचित्त झाले, असे समजण्याची चूक होऊ शकते. उष्ण योनीच्या जीवांचा उल्लेख आगमातच असल्याने हे पाणी सजीवच मानावे. उपवास, आयंबिल किंवा अन्य तपात चालणारे पाणी ते नव्हे. घरून तीन उकाळ्यांचे पाणी बरोबर न्यावे आणि शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे. क्षारांमुळे असे पाणी पिण्यास तसेही योग्य नसते.

सायखेड्याहून वज्रेश्वरीची यात्रा दोन दिवसांत निवांत होते. लिलावाला सुट्टी असलेला दिवस धरून पहाटे नवकारशीपूर्वी निघाले, तर नाशिक ओलांडताच मुंबई रस्त्यावर विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ येते. दर्शन आणि नाश्ता तेथे उरकता येतो. पुढे इगतपुरी आणि कसारा घाट. घाट उतरला की हवा बदलते, नाशिकची कोरडी थंडी मागे राहते आणि साग-पळसांची झाडी सुरू होते. शहापूरला महामार्गालगत मानस मंदिर आहे. दुपारचे भोजन तेथे झाले की स्त्रिया आणि वृद्धांना विश्रांती मिळते. याच शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. मुंबईला पाणी देण्यासाठी ते १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याच तानसा नदीच्या काठी पुढे उष्ण कुंडे आहेत. भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीमार्गे वज्रेश्वरी गाठता येते.

वज्रेश्वरीचे मंदिर उंचवट्यावर किल्ल्यासारखे उभे आहे आणि ५२ पायऱ्या चढून वर जावे लागते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. त्या विजयानंतर नवस फेडण्यासाठी हे मंदिर बांधले गेले. प्रवेशद्वाराची आणि नगारखान्याची घडण पाहताना वसईच्या किल्ल्याची आठवण होते ती त्यामुळेच. मंदिराच्या परिसरात सुमारे पाच किलोमीटरच्या टापूत उष्ण पाण्याचे वीसएक झरे आहेत. देवीने असुरांना मारले आणि त्यांचे रक्त ऊन पाणी होऊन वाहिले, अशी लोककथा येथे सांगतात.

अकलोलीची कुंडे तानसेच्या काठावर आहेत. दगडी बांधणीची लहान चौकोनी कुंडे आणि त्यांतून वर येणारे बुडबुडे असे त्यांचे रूप. प्रत्येक कुंडाचे पाणी सारखे ऊन नसते. एकात सहज बसता येते, तर शेजारच्यात पाय घालताच मागे घ्यावा लागतो. काही झरे नदीच्या पात्रातच आहेत. हिवाळ्यात नदी रोडावली की खडकांमधून वाफ निघताना दिसते आणि पावसाळ्यात हे सारे पुराखाली जाते. गणेशपुरीला भीमेश्वर मंदिराजवळ अशीच कुंडे आहेत. हे गाव नित्यानंद स्वामींच्या समाधीमुळे भाविकांच्या परिचयाचे आहे. सुट्टीच्या दिवशी दोन्ही ठिकाणी गर्दी असते. सकाळी लवकर गेल्यास पाणी स्वच्छ आणि कुंड मोकळे मिळते.

येथे यतनेचे नियम सोपे आहेत आणि ते सर्व वयांच्या मंडळींनी पाळण्यासारखे आहेत. प्रथम हाताने पाणी पाहावे, मग पाय घालावा. मुलांना उडी मारू देऊ नये. चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटे बसणे पुरेसे असते, त्यानंतर बाहेर येऊन अंग पुसून थोडा वेळ सावलीत बसावे. एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते, कारण उष्णतेने रक्तदाब उतरतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना चटका बसल्याचे कळत नाही. त्यांनी स्वतःच्या पायांवर विसंबून पाणी पाहू नये, दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. अंगावर जखम असेल तर दूर राहावे.

डोके बुडवण्याचा मोह मात्र सर्वांनीच टाळावा. उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. तो क्वचित होतो, तरी केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. नाक पाण्याबाहेर ठेवणे एवढी साधी काळजी त्यावर पुरेशी आहे.

कुंडात साबण, शाम्पू आणि उटणे वापरू नये. साबणाने झऱ्यातील सूक्ष्म जीव मरतात आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला घाण येते. पाणी एकमेकांवर उडवण्याचा खेळ टाळला तर अनर्थदंडही टळतो आणि कडेला उभ्या असलेल्या वृद्धाचा पायही घसरत नाही. खाद्यपदार्थांची पाकिटे आणि बाटल्या गाडीत परत आणाव्यात. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असल्याने जैन कुटुंबाला संध्याकाळी पाण्याजवळ रेंगाळता येत नाही आणि अंधारात पाण्यात उतरण्याचा प्रश्नही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीहून पश्चिमेला विरारकडे गेल्यास आगाशी तीर्थ येते. तेथे मूलनायक श्री मुनिसुव्रत स्वामी आहेत. ज्या प्रभूंची जन्मभूमी उष्ण झऱ्यांची राजगृही, त्यांचेच दर्शन कोकणातील उष्ण झऱ्यांची यात्रा संपताना घडते. जवळच नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक आहे. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्या सार्थवाहांचे हे बंदर होते. व्यापारी घरातील मुलांना ते दाखवून आपल्या पूर्वजांच्या उद्योगाची गोष्ट सांगता येईल.

उष्ण कुंडापेक्षा डोह आणि धबधबा यांची जोखीम फार मोठी आहे. तेथे थांबावेच लागले, तर काही गोष्टी घरातील प्रत्येकाला पाठ असाव्यात. तळ दिसत नसेल तर उतरू नये. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली किंवा आवाज वाढला, तर वर लोंढा सुटला आहे असे समजून सामान तेथेच टाकून उंचावर जावे. नदीच्या मधल्या खडकावर कोणी बसू नये. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे पाहण्यास सुंदर आहेत, परंतु त्यांचे काठ गुळगुळीत आणि पोट खोल असते. आत पडलेल्या माणसाला वर चढायला आधार सापडत नाही. ते काठावर लांबून पाहावेत. कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये. दोर, साडी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. मदतीला धावलेल्या नातलगांचेही प्राण जातात आणि एका घरातील दु:ख दुप्पट होते. मुलांना पोहणे शिकवायचे असेल, तर ते प्रशिक्षक असलेल्या तलावात शिकवावे. घाटावरचा दोर धरणारा वडीलधारा आज राहिलेला नाही, म्हणून ती जबाबदारी कोणाकडे तरी सोपवलीच पाहिजे.

यात्रेहून परतताना सायखेड्याच्या पुलावर गाडी येते, तेव्हा खाली पुन्हा तीच गोदावरी असते. दूरच्या कुंडांची स्वच्छता पाहून आल्यावर ती पाणवेलींनी झाकलेली पाहणे कठीण जाते. श्रावकाने कोणता व्यापार करू नये याची यादी आपल्या शास्त्रात आहे. त्या पंधरा कर्मादानांत सरोवर, द्रह आणि तलाव यांचे शोषण करण्याचा धंदा स्पष्टपणे वर्ज्य सांगितला आहे. द्रह म्हणजे डोह. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही यादी केली, त्यांनी व्यापाऱ्याचा लोभ जलाशयापर्यंत पोचू शकतो हे ओळखले होते. आज डोह कोरडा करण्याची गरजही राहिलेली नाही. वाळू उपसून त्याचा तळ मोडता येतो आणि सांडपाणी सोडून त्यातील जीव मारता येतात. अशा व्यवहारात भांडवल न गुंतवणे, दुकानाचा व गोदामाचा कचरा नदीत न टाकणे आणि निर्माल्य पाण्याबाहेर ठेवणे, हे कर्मादानाच्या त्यागाचेच आजचे रूप आहे. पाणवेली काढण्यासाठी ग्रामस्थ उन्हाळ्यात एकत्र आले, तर पेठेतील व्यापाऱ्यांनी त्यात हात आणि पैसा दोन्ही द्यावेत. पुराच्या वेळी पुलाला पाणवेली कमी अडकल्या, तर त्याचा पहिला लाभ पेठेलाच होईल.

नदी एका पिढीत स्वच्छ होणार नाही. तोपर्यंत मुलांना घाटावर घेऊन जाणे मात्र शक्य आहे. काठावरच्या पायरीवर बसवून पुराचे पाणी कोठपर्यंत आले होते ते दाखवावे, वरच्या धरणातून पाणी सुटल्यावर पात्र कसे बदलते ते दाखवावे, उन्हाळ्यात चांदोरीची मंदिरे उघडी पडली तर तीही दाखवावीत. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला नेऊन हजारो पक्षी ज्या पाण्यावर जगतात ते पाणी दाखवावे. पाण्यात न उतरताही पाण्याची ओळख होते. अशी ओळख असलेले मूल कार्तिकानंतर अकलोलीच्या कुंडाशी पोचेल, तेव्हा उडी मारण्यापूर्वी खाली बसून बोटांनी पाणी पाहील.